कष्टाच्या पैशाची राखण

विद्यालयाच्या स्मरणिकेत आठवणी याव्यात, गुरुजनांविषयीची कृतज्ञता यावी, वसतिगृहातील पहाटेची वंदना आणि रविवारचे श्रमदान यावे, हे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने थोड्या वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींत नोकरी, बदली, मुलामुलींची लग्ने यांच्या जोडीने अलीकडे एक नवीच बातमी कानी येऊ लागली आहे. कुणाचे वडील, कुणाची मावशी, कुणाचे सासरे फोनवरून फसवले गेले. सांगणाऱ्याचा आवाज सांगताना खाली येतो आणि ऐकणाराही ‘कुठे बोलू नका’ एवढेच म्हणून विषय मिटवतो. विषय असा मिटू नये, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्यापैकी एकाचे मामा रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. घराण्यातले ते पहिले पेन्शनर. ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधीचे पैसे त्यांनी बँकेत मुदत ठेवीत टाकले होते. एके दिवशी एका बाईंचा फोन आला. बोलणे अदबीचे, मराठी स्वच्छ. शेअर बाजारातील एका नामांकित दलाली कंपनीचे नाव सांगून त्यांनी मामांना व्हॉट्सअ‍ॅपवरील एका गटात घेतले. त्या गटात रोज संध्याकाळी कुणी ‘सर’ बाजाराचे धडे देत आणि शंभरएक सभासद आपापल्या नफ्याची छायाचित्रे टाकत. मामांनी प्रथम दहा हजार रुपये भरले. मोबाइलमधील ॲपवर आठवड्यात त्यांचे तेरा हजार दिसू लागले. त्यांनी दोन हजार काढून पाहिले, ते तासाभरात बँकेत जमा झाले. त्या दोन हजारांनीच त्यांचा घात केला. पुढील सहा आठवड्यांत त्यांनी ठेवी मोडून साडेअकरा लाख रुपये भरले. ठेव मोडताना बँकेतील अधिकाऱ्याने कारण विचारले, तेव्हा फोनवरील बाईंनी पढवून ठेवल्याप्रमाणे त्यांनी ‘घराची दुरुस्ती’ असे उत्तर दिले. ॲपवर अठ्ठेचाळीस लाखांचा आकडा झळकत होता. तो काढायला गेल्यावर निरोप आला की, आधी कर भरा, मग रक्कम सुटेल. करासाठी मामा पतसंस्थेचे कर्ज काढायला निघाले आणि भाच्याला म्हणाले, “जामीन राहशील का?” त्या प्रश्नाने सारे उघड झाले.

तक्रार केली, पण तोवर पैसे कितीतरी खात्यांतून पुढे गेले होते. गोठवता आली ती रक्कम अगदीच किरकोळ होती. पैसे गेल्याचे दुःख मामांनी सोसले. दुसरे एक दुःख मात्र त्यांना सोसवेना. ते विहार समितीचे खजिनदार होते. दर पौर्णिमेला जमाखर्च वाचून दाखवत असत आणि एका रुपयाचाही फरक कधी पडला नव्हता. त्यांनी ते पद सोडले. काही दिवसांनी विहारात येणेही सोडले.

‘एवढे शहाणे असून फसले कसे?’ असा प्रश्न अशा वेळी सर्रास विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या पिढीने मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेत, आयुध निर्माणीत, पालिकेच्या सफाई खात्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य काढले, तिला भोळी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिने सावकार पाहिले आहेत आणि खोटी खतेही पाहिली आहेत. पण या पिढीला एका गोष्टीचा फार मोठा आधार वाटत आला आहे. ती गोष्ट म्हणजे सरकारी कागद, शिक्का आणि अधिकाऱ्याचा आवाज. जातीच्या उतरंडीत माणूस म्हणून जे मिळाले नाही, ते नेमणुकीच्या पत्राने, राखीव जागेच्या आदेशाने, पेन्शनच्या पुस्तिकेने मिळाले. ज्या कागदाने प्रतिष्ठा दिली, त्यावर संशय घेण्याची सवय नसणे हा दोष नव्हे. ठगांनी नेमका हाच विश्वास हेरला आहे. म्हणून ते कधी रिझर्व्ह बँकेचे, कधी विमा नियामकाचे, कधी पेन्शन कार्यालयाचे, तर कधी पोलिसांचे नाव घेतात.

आणि या पैशाचे मोलही वेगळे आहे. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची शेती, वाडा, दागिने आहेत, त्यांचे दहा लाख गेले तरी पाठीशी काही उरते. आपल्याकडे बहुधा निवृत्तीची रक्कम हीच पहिली शिल्लक असते. त्यातूनच नातीचे इंजिनिअरिंगचे शुल्क भरायचे असते, गावाकडच्या घरावर स्लॅब टाकायचा असतो, आजारपण निभवायचे असते. ती गेली की घर एका पिढीने मागे जाते. म्हणून हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहत नाही, तो समाजाचा होतो.

या फसवणुकीची रीत एकदा समजून घेतली की ती ओळखणे अवघड नाही. प्रथम ओळख आणि गोड बोलणे, मग गटातील ‘यशस्वी’ सभासद, जे बहुतेक ठगांचेच साथीदार असतात. मग एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीची चित्रफीत. आता संगणकाच्या साहाय्याने कुणाच्याही तोंडी काहीही घालता येते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुखांच्या अशा बनावट चित्रफिती फिरू लागल्यावर २०२४ मध्ये खुद्द त्या बाजाराला जाहीर इशारा द्यावा लागला होता. त्यानंतर छोटी रक्कम, छोटा नफा आणि तो नफा खरोखर हाती देणे. मग मोठी रक्कम, घाई आणि ‘घरी सांगू नका, त्यांना बाजारातले कळत नाही’ हा सल्ला. शेवटी पैसे काढताना कर, शुल्क, दंड. क्वचित कुणी माघार घेऊ लागला, तर ‘तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे’ असे म्हणून अटकेची धमकी. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या कार्यक्रमात हे स्पष्ट केले होते. तरीही फोनच्या पडद्यावर गणवेश दिसला की हात थरथरतात, हे आपण जाणतो.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. शेअर बाजारातील सल्लागार, संशोधन विश्लेषक व दलाल यांना सेबीकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणीकृत मंडळींना ठरावीक नफ्याची हमी देता येत नाही. म्हणून जो हमी देतो, तो तिथेच खोटा ठरतो. खरा दलाल पैसे कुणा व्यक्तीच्या किंवा दर वेळी बदलणाऱ्या खात्यांवर मागत नाही. खरेदी केलेले शेअर डिमॅट खात्यात जमा होतात आणि त्याचे विवरण एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडून येते. ॲपवर लाखो दिसत असतील आणि या विवरणात काहीच नसेल, तर ते लाख केवळ पडद्यावर काढलेले चित्र आहे. विमा नियामक संस्था कुणालाही फोन करून बोनस वाटत नाही आणि पॉलिसीही विकत नाही. पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने येणारे फोन हाही एक सापळाच. त्यासाठी कुणी ओटीपी मागत असेल, तर फोन खाली ठेवावा आणि बँकेत स्वतः जावे. कुणी एनीडेस्कसारखे ॲप घ्यायला लावले, तर आपला फोन त्याच्या हाती गेला असे समजावे.

तुलनेसाठी एकच आकडा पुरे आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली आणि व्याज वर्षाला ८.२ टक्के ठरले. खुद्द सरकार वर्षभरात जेवढे देते, तेवढे जो आठवड्यात देऊ करतो, त्याला एवढेच विचारावे की, बाबा रे, मग तू स्वतः कर्ज काढून का गुंतवत नाहीस?

या विषयाचा धम्माशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. आमच्या मते संबंध जवळचा आहे. अंगुत्तर निकायात कोलियांच्या दीघजाणूची कथा आहे. आम्ही संसारी माणसे, आम्हाला उपयोगी पडेल असे काही सांगा, अशी विनंती त्याने तथागतांना केली. तथागतांनी त्याला संसाराची निंदा ऐकवली नाही. उद्योगशीलता, कमावलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकत पाहून खर्च, अशा चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. दुसरीला आरक्ष संपदा म्हणतात. घाम गाळून, न्यायाने मिळवलेले धन राजा, चोर, आग, पूर आणि नावडते वारस यांच्यापासून जपावे, असा तिचा आशय आहे. धन जपणे हा लोभ नव्हे, गृहस्थाचे ते कर्तव्य आहे. केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश तर आपल्याला शाळेपासून परिचित आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मान्य करू नये, ती तपासून पाहावी. हा उपदेश आपण भिंतीवर लावला. फोन वाजल्यावर तो आठवावा, असे मात्र कुणी कुणाला शिकवले नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. ज्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर लंडनहून ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांच्या अनुयायांच्या घरात पैशाविषयी मोकळेपणाने बोलणे अजूनही संकोचाचे मानले जाते. वडिलांची ठेव किती, कुठे आहे, हे मुलाने विचारले तर ‘याचा डोळा आहे’ असे वाटते. मुलगाही त्या भीतीने विचारत नाही. या मौनातच ठग शिरतो. आमच्या मामांना आम्ही विचारले, “तुम्ही एकदा तरी फोन करायचा होता, मामा.” ते म्हणाले, “तुम्ही सगळे कामात. ती बाई मात्र रोज विचारायची, काका, जेवलात का?” या उत्तरावर आमच्यापैकी कुणालाही काही बोलता आले नाही.

म्हणून कुटुंबीयांना आमचे पहिले सांगणे हे की, आधी रोजचा फोन आपला असू द्या. पाच मिनिटे पुरेत. दुसरे, एक घरगुती नियम ठरवा. पाच हजारांवरची कोणतीही नवी गुंतवणूक एक रात्र उलटल्याशिवाय आणि घरातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय करायची नाही. हा नियम वडिलांना लागू करायचा, तसाच स्वतःलाही. मुलगा स्वतः असे बोलून करू लागला की वडिलांनाही त्यात कमीपणा वाटत नाही. तिसरे, त्यांच्या संमतीने बँकेत जाऊन व्यवहाराची दैनिक मर्यादा कमी करून घ्या, पेन्शनचे खाते आणि फोनवरून चालणारे खाते वेगळे ठेवा. मोठी ठेव दोघांच्या संयुक्त सहीने चालणारी ठेवली, तर ती एकट्याला घाईघाईने मोडता येत नाही. चौथे, बँकांच्या व वित्तीय संस्थांच्या कामकाजाच्या फोनसाठी १६०० ने आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवून दिलेली आहे, हे त्यांना समजावून सांगा. मात्र केवळ क्रमांक पाहून विश्वास ठेवू नये, हेही सांगा.

काही घरांत दुसरेच टोक गाठले जाते. वडील फसले की मुले फोन काढून घेतात, पासबुक आणि एटीएम कार्ड आपल्या कपाटात ठेवतात, भाजीच्या पैशांसाठीही त्यांना मागायला लावतात. हेतू चांगला असेल, पण आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर ताठ मानेने जगलेल्या माणसाला यापेक्षा मोठा अपमान नाही. दीघजाणूला सांगितलेल्या धोक्यांच्या यादीत चोराबरोबर नावडत्या वारसाचाही उल्लेख आहे, याचा मुलांनी विचार करावा. ज्येष्ठांना कुटुंबातूनच त्रास होत असेल, तर १४५६७ या हेल्पलाइनचा आधार घेता येतो आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदाही त्यांच्या बाजूने आहे. राखण आणि ताबा यांतला फरक घरातल्या प्रत्येकाने ओळखला पाहिजे.

फसवणूक झालीच, तर वेळ दवडू नये. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. त्याबरोबर आपल्या बँकेला कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, संदेश व पावत्या पुसू नयेत. आपण स्वतः पाठवलेल्या पैशांची भरपाई बँकेकडून मिळणे फार अवघड असते, म्हणून हे पहिले काही तासच मोलाचे. काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा वकील किंवा अधिकारी फोन करील. तो त्याच टोळीतला किंवा तिच्याकडून तुमचे नाव मिळालेला दुसरा ठग असतो. त्याला एक रुपयाही देऊ नये.

आता थोडे तरुणांविषयी. मामांचे पैसे ज्या खात्यांतून पुढे गेले, ती खाती ठगांच्या नावावर नव्हती. बेकार पोरांची, मजुरांची, विद्यार्थ्यांची खाती चार-दोन हजारांत भाड्याने घेतलेली असतात. ‘माझे खाते वापरले, मी कुठे चोरी केली?’ असे म्हणून सुटका होत नाही. पोलीस प्रथम त्याच खातेदाराच्या दारी येतात. न दिलेले न घेण्याचे शील आपण रोज घेतो. दुसऱ्याने लुबाडलेले आपल्या खात्यातून जाऊ देणे हाही त्या शीलाचा भंगच आहे. एका घरातील आजोबांची पुंजी आणि शेजारच्या घरातील नातवाचे भाड्याचे खाते, अशी ही साखळी आपल्याच वस्तीत जुळू शकते. परदेशातील नोकरीच्या आमिषाचेही तसेच. म्यानमार, कंबोडिया, लाओस येथील कुंपणबंद वसाहतींत तरुणांना डांबून त्यांच्याकडून हीच फोनफसवणूक करवून घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारला म्यानमारमधून पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने सोडवून आणावे लागले. ज्या देशांची नावे आपण बुद्धभूमी म्हणून आदराने घेतो, त्याच देशांत हे चालावे, हे क्लेशदायक आहे. बुद्धमूर्ती असलेल्या ठिकाणी आपोआप धम्म नांदत नाही, हे यातून शिकावे.

विद्यालयापुढे आणि माजी विद्यार्थी मंडळापुढे आम्ही दोन लहान सूचना ठेवतो. आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज बँकांत, पोलीस दलात, तंत्रज्ञान क्षेत्रात आहेत. आषाढी पौर्णिमेपासूनच्या वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन चालते आणि ज्येष्ठ मंडळी आवर्जून येतात. त्या तीन महिन्यांतील एका रविवारी प्रत्येक विहारात एकाने जाऊन तासभर या विषयावर बोलावे, पडद्यावर चित्रे न दाखवता, समोर बसून, फोन हातात घेऊन. दुसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना प्रत्येक वसतिगृहवासी मुलामुलीने जाड अक्षरांत लिहिलेला एक पुठ्ठा सोबत न्यावा. त्यावर १९३० हा क्रमांक, घरातल्या दोन माणसांचे क्रमांक आणि ‘आधी विचारा’ एवढे दोन शब्द असावेत. तो आजी-आजोबांच्या चार्जरशेजारी भिंतीवर लावावा आणि त्यांच्याशी बसून दोनदा सराव करावा. ज्या आजीने आपल्याला इथे शिकायला पाठवले, तिला एवढे शिकवणे ही काही मोठी फेड नव्हे.

मामांविषयी सांगायचे राहिले. गेल्या वर्षी विहार समितीचे दोघे-तिघे त्यांच्या घरी गेले. जमाखर्चाची वही त्यांनी मामांसमोर ठेवली आणि पुढचे पान भरून द्या, एवढेच म्हटले. पुढच्या पौर्णिमेला मामांनी हिशेब वाचला आणि वही मिटण्याआधी स्वतःचा साडेअकरा लाखांचा हिशेबही सर्वांसमोर सांगितला. सभा संपल्यावर दोन माणसे त्यांच्याजवळ आली. एकाने आपलेही चार लाख गेल्याचे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितले. दुसऱ्या आजींनी पदराखालून फोन काढला आणि विचारले, “भाऊ, ही बाई मलाही रोज फोन करते. हीच का ती?”

त्या आजींची ठेव अजून बँकेत आहे.